भट्टीपाशी म्हटलेला पाळणा

डिसेंबर लागला की जबलपूरच्या सदरमधल्या आमच्या बेकरीत एक गाणं सुरू व्हायचं आणि नवं साल लागेपर्यंत थांबायचं नाही. गाणं इंग्रजी होतं. आधी घुंगरं, मग लहान मुलांचा घोळका, आणि मधेच एक जाड आवाजाचा माणूस हसायचा. शब्द मला कळत नसत. पण तो माणूस कुठे हसणार, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. गाणं संपलं की चिमूटभर शांतता, आणि पुन्हा घुंगरं.

पहिल्या वर्षी मला ते आवडलं होतं, हे खरं सांगते. दुसऱ्या वर्षी ते माझ्याबरोबर गढ्याला घरी यायला लागलं. पोळ्या लाटताना लाटणं त्याच तालावर फिरायचं. नवरा ताटावरून म्हणाला, "काहून गं, पोळ्या नाचून राहिल्या का आज?" तिसऱ्या वर्षी घुंगरांचा आवाज आला की माझ्या कानामागे दुखायचं.

आमच्या बेकरीची रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नाताळाच्या आधी इथे लोक केक विकत घ्यायला येत नाहीत, करून घ्यायला येतात. मैदा, बटर, साखर, अंडी, भिजवलेला सुका मेवा, सगळं आपापल्या घरून पिशवीत घेऊन येतात. आम्ही त्यांच्यासमोर ते हातानं फेटतो, डब्यांत घालतो, डब्यावर त्यांचं नाव चिकटवतो आणि लाकडाच्या भट्टीत लावतो. आणि लोक बाकड्यांवर बसून राहतात. आपलं बटर दुसऱ्याच्या केकात जाऊ नये म्हणून डोळे आमच्या हातांवर. तासन् तास बसतात. फौजी लोकांच्या बायका, रेल्वेतले, मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळे एका बाकड्यावर.

मी तिथे फेटायचं काम करते. लग्न होऊन वर्ध्याकडून जबलपूरला आले तेव्हा मला हिंदीही धड येत नव्हती. आता येते, पण चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की अजून मी मागे सरते. फेटण्याच्या कामात बोलावं लागत नाही. मान खाली, हात तसराळ्यात. म्हणून मला ते काम आवडतं.

हे काम मला आंटींनी शिकवलं. आंटी म्हणजे बेकरीच्या मालकीणबाई. दुकानाच्या वरच राहतात. पूर्वी त्या भट्टीपाशी एका बुटक्या स्टुलावर बसायच्या आणि तिथून सगळ्यांना हुकूम सोडायच्या. अंकल, म्हणजे त्यांचे यजमान, काउंटरवर. अंकलचा एक नियम होता. बाकड्यावर बसलात तर गायचं. जो गाणार नाही त्याचा केक भट्टीत सगळ्यात शेवटी जाणार. लोक हसत, लाजत आणि गात. नुसतं नाताळाचंच असं काही नाही, ज्याला जे येईल ते. मला अंकलनी कधी गायला लावलं नाही. "इसका हाथ गाता है," म्हणायचे आणि पुढच्या माणसाकडे वळायचे.

अंकल गेले. दुकान मुलाच्या हातात आलं. आम्ही त्याला भैया म्हणतो. भैयानं कोणाला गायला सांगितलं नाही, आणि सांगितल्याशिवाय कोणी गात नाही. तो पहिला डिसेंबर फार वाईट गेला. बाकडी भरलेली आणि नुसता भट्टीचा आवाज. पुढच्या वर्षी भैयानं काउंटरवर काळा स्पीकर आणून ठेवला, आणि ते गाणं आलं.

आंटी त्या दिवसापासून खाली यायच्या बंद झाल्या. डिसेंबरभर वरची खिडकी लावून बसायच्या. मी चहा घेऊन वर जायची तेव्हा जमिनीतून ते हसणं ऐकू यायचं. आंटी जमिनीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "पहले दुकान में लोग गाते थे. अब डब्बा गाता है."

मागच्या वर्षी डिसेंबर लागून थोडे दिवस झाले होते. मी चहा ठेवला आणि पाहिलं तर पलंगावर बॅग उघडी.

"बेटी ने टिकट भेज दी है," आंटी म्हणाल्या. त्यांची मुलगी बंगळुरूला असते. "बाईस तारीख की. क्रिसमस वहीं करूँगी. और अब वहीं रहूँगी."

मला विचारायचं होतं, कायमच्या? तोंडातून निघालं, "स्वेटर रखा?"

"रखा. और सुन, वो मेरा स्टूल तू घर ले जा. यहाँ किसके काम का है."

मी खाली आले. स्टूल भट्टीपाशी होतं, त्यावर रिकामे डबे ठेवलेले. मी डबे काढले, स्टूल पुसलं आणि मैद्याच्या पोत्यांमागे सरकवून ठेवलं. घरी नेलं नाही. एकदा ते गढ्याला गेलं असतं तर आंटी गेल्याच होत्या. ते पोत्यांमागे आहे तोवर काही करता येईल, असं मला वाटलं. काय करायचं ते माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की आंटींना खाली आणायचं तर आधी ते गाणं बंद झालं पाहिजे, आणि ते मलाच करायला पाहिजे, कारण दुसरं कोणी करणार नव्हतं.

भैयाशी बोलायला मला अख्खी सकाळ लागली. दोनदा काउंटरपर्यंत गेले आणि बटर पेपर मागून परत आले. तिसऱ्यांदा भैयाच म्हणाला, "दीदी, इतना बटर पेपर खा रही हो क्या?"

"भैया, ये गाना..." मी म्हटलं.

"क्या हुआ गाने को?"

"बहुत हो गया."

तो हसला नाही. स्पीकरकडे बघत म्हणाला, "पता है. मेरे भी सर में बजता है." मग स्वतःचा आवाज खाली आणला. "लेकिन बंद करता हूँ न, तो दुकान काटने को दौड़ती है. आप कुछ और ला दो, मैं लगा दूँगा. बस खाली मत रखना."

भैयालाही अंकलच आठवत होते, हे मला तेव्हा कळलं. तोवर वाटायचं त्याला ते गाणं आवडतं.

संध्याकाळी मी मुलीला कामाला लावलं. ती कॉलेजात आहे. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, आमचं असंच चालतं. म्हटलं, नाताळाचं दुसरं काही शोध, जे ऐकून कान दुखणार नाहीत. तिनं मोबाइलवर शोधलं आणि काय सापडलं, तर तेच गाणं. बासरीवर तेच, ढोलावर तेच, तान्ह्या पोराच्या बोबड्या आवाजात तेच. एकात तर कुत्रे भुंकून तीच चाल म्हणत होते. नवरा हसून हसून खोकायला लागला. "हेच ने," म्हणाला, "सदरचे सगळे कुत्रे गिऱ्हाईक होतील."

"चुप करो पापा," मुलगी म्हणाली, पण तीही हसत होती.

शेवटी आम्ही शब्द नसलेलं काही निवडलं. बासरी होती, संतूर होतं, एका चर्चमधल्या बायकांचं हळू आवाजातलं गुणगुणणं होतं. मुलीनं ते पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं. दुसऱ्या दिवशी भैयानं लावलं आणि दुकान एकदम वेगळंच झालं. बाकड्यावरच्या बायकांचे खांदे सैल पडले. एका फौजीची बायको आपलं बटर बघायचं सोडून डोळे मिटून बसली. मी फेटता फेटता जिन्याकडे बघत होते.

आंटी आल्या नाहीत.

दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की बासरीवाला एका जागी श्वास घेतो, आणि मी त्या श्वासाची वाट बघते आहे. जशी त्या हसण्याची बघायची, तशीच. संतूर आलं की आता चर्चच्या बायका येणार हे हातांना कळायचं. कानामागे पुन्हा दुखायला लागलं. मी चहा घेऊन वर गेले. आंटी म्हणाल्या, "डब्बे ने साड़ी बदल ली."

तेव्हा मला कळलं की मी चुकीच्या ठिकाणी शोधत होते. घुंगरांच्या गाण्याचा काही दोष नव्हता. कितीही गोड असलं तरी डब्यातलं गाणं कोणाकडे बघत नाही. फेटणारी दमली तर ते थांबत नाही, कोणी आत आलं तर वळून बघत नाही. अंकल असताना लोक बेसूर गायचे, अर्ध्यावर विसरायचे, आणि तरी कधी कान दुखला नाही. गाणारं माणूसच पाहिजे होतं.

बाकड्यावर एक बाई होत्या, मंडल्याकडच्या. भैया मला दीदी म्हणतो, तसं मी त्यांना दीदी म्हणते. दर वर्षी त्या आपल्या सगळ्या वस्तीचं सामान घेऊन येतात, त्यामुळे त्यांचा मुक्काम मोठा असतो. त्या नेहमी तोंडातल्या तोंडात काही गुणगुणतात. मी धीर करून त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं, कल आप गाओगे क्या, जोर से?

"अकेले?" त्या म्हणाल्या. "ना बाबा. पहले आप शुरू करो, मैं पीछे-पीछे आ जाऊँगी."

"मला... मुझे क्रिसमस का नहीं आता."

"तो जो आता है वो गाओ. हमारे यहाँ तो बच्चा हुआ कि थाली बजाते हैं, बस. बच्चा ही तो हुआ है."

शेअर ऑटोत बसून घरी येताना त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. बच्चा ही तो हुआ है. आणि मग माझं मलाच नवल वाटलं. इतकी वर्षं त्या दुकानात आंटी कापसाचं बर्फ पसरून गोठा मांडायच्या, मेंढ्या ठेवायच्या, आई, बाप आणि गवतावरचं बाळ ठेवायच्या, आणि मी ते बाजूला सरकवून तिथलं पुसायची. ते बाळ आहे हे मला दिसत होतं, पण सुचलं नव्हतं. आमच्याकडे देव जन्मला की काय करतात? रामाला दुपारी, कृष्णाला रात्री पाळण्यात घालतात, दोरी ओढतात आणि बायका पाळणा म्हणतात. पहिल्या दिवशी असं झालं, दुसऱ्या दिवशी तसं झालं, असं करत बाराव्या दिवसापर्यंत. मग सुंठवडा वाटतात. पाळणा मला येतो. लहानपणापासून आईच्या मागे उभी राहून म्हटला आहे. एकटीनं कधी नाही, पण येतो.

फक्त या बाळाचा पाळणा मला माहीत नव्हता. तो करावा लागणार होता.

मी तो ऑटोत, पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना केला. शेजारी बसलेली सवारी माझ्याकडे बघायची, कारण माझे ओठ हलायचे. नवऱ्यानं विचारलं, "काहून, पाळणा म्हणून राहिली? कोणाचं बारसं हाये?"

"येशूचं."

"बापरे," तो म्हणाला. "मग आहेर काय न्यायचा?"

मुलीनं मात्र नीट ऐकलं. मग म्हणाली, "मम्मी, इसमें नाम तो है ही नहीं."

"नाव बाराव्या दिवशी ठेवतात. त्याच्या आधी कसं म्हणू?"

तिनं जरा विचार केला आणि मान डोलावली. तिच्या बारशाला तिच्या आत्यानं कानात नाव सांगताना बायकांनी आत्याच्या पाठीत इतके धपाटे घातले होते की आत्या दोन दिवस कुशीवर झोपली. तो किस्सा तिला तोंडपाठ आहे.

आंटींच्या गाडीला दोन दिवस राहिले होते. मी सकाळी ठरवूनच निघाले. वाटेत ऑटोमध्ये तीनच कडवी पक्की झाली, चौथं लंगडत होतं. म्हटलं, तीन तर तीन.

दुकान भरलेलं होतं. स्पीकरवर पुन्हा घुंगरं आली होती, बासरी भैयालाच कंटाळवाणी झाली होती. मंडल्याच्या दीदी बाकड्याच्या टोकाला, त्यांच्याच वस्तीचं बटर माझ्या तसराळ्यात. मी हात धुतले, पुसले. ओल्या हातानं बटणाला हात लावू नये. काउंटरमागे गेले, टॉफीच्या बरण्यांमागे हात घातला आणि बटण बंद केलं. तो माणूस अर्ध्या हसण्यात थांबला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर स्कूटर जात होती ती ऐकू आली.

"लाइट गई?" भैया म्हणाला.

"नहीं. मैंने बंद किया."

"क्यों दीदी?"

"आपने बोला था, खाली मत रखना." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मैं खाली नहीं रखूँगी."

बाकड्यावरून फौजीची बायको म्हणाली, "शुक्र है भगवान का, मेरा तो माथा फटा जा रहा था." कोणीतरी हसलं. मी जागेवर जाऊन बसले, हात तसराळ्यात घातला, मान खाली घातली आणि फेटायला लागले. हात चालू लागल्यावर गळा उघडला.

पहिल्या दिवशी गारठा फार,
गवताची गादी, गोठ्याचं दार,
बाळाच्या उशाला मेंढरं चार, जो जो रे बाळा.

पहिल्या कडव्यात आवाज फाटला. मी फेटत राहिले.

दुसऱ्या दिवशी आले धनगर,
काठी ठेवली ओसरीवर,
घोंगडी घातली बाळाच्या अंगावर, जो जो रे बाळा.

मी वर बघितलं नाही, त्यामुळे चेहरे मला माहीत नाहीत. तिसरं मला सगळ्यात जवळचं होतं.

तिसऱ्या दिवशी आई उपाशी,
माहेर राहिलं दूर देशी,
डिंकाचे लाडू कोण दे तिशी, जो जो रे बाळा.

आणि मग मी थांबायला हवं होतं, कारण पुढचं पक्कं नव्हतं. पण हात थांबला नाही म्हणून तोंडही थांबलं नाही, आणि चौथ्या दिवशी जीभ आपोआप जुन्या वाटेनं गेली. मी मोकळ्या आवाजात त्या बाळासाठी अयोध्येत गुढ्या उभारल्या.

"अरे दीदी!" मंडल्याच्या दीदी ओरडल्या. "अयोध्या कहाँ ले गईं? बेचारी की अभी तो बैतलहम में जचकी हुई है!"

दुकान हसण्यानं फुटलं. भैया काउंटरवर डोकं टेकून हसत होता. माझे कान तापले. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी उठून मागच्या दारानं निघून गेले असते. पण दोनच दिवस राहिले होते. मी तेच कडवं पुन्हा घेतलं, अयोध्येच्या जागी बाळाचं गाव, बैतलहम, घातलं. तालात बसत नव्हतं, कोंबून बसवलं. तेवढ्यात दीदींनी शेजारचं डब्याचं झाकण उचललं आणि चमच्यानं वाजवायला सुरुवात केली, आणि जो जो रे बाळा सगळं बाकडं म्हणायला लागलं. मराठी कोणाला येत नव्हती. जो जो सगळ्यांना येतं.

वरून काठी आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा. भैयानं मान वर केली. मग जिना वाजला. आंटींना जिना उतरायला वेळ लागतो. आम्ही गातच राहिलो, थांबायचं कोणाला सुचलं नाही.

आंटी दारात उभ्या राहिल्या, शाल एका खांद्यावरून घसरलेली. दीदींच्या हातातल्या झाकणाकडे बघून म्हणाल्या, "बच्चा सो रहा है और तुम लोग टीन पीट रहे हो?"

दीदींनी झाकण खाली ठेवलं. आंटींनी भट्टीपाशी बघितलं. तिथे काही नव्हतं. मी उठले, पोत्यांमागून स्टूल काढलं, पदरानं मैदा झटकला आणि ठेवलं.

"मैंने तो तुझे दे दिया था."

"घर में जगह नहीं है," मी म्हटलं. जागा होती.

आंटी बसल्या. त्यांनी माझ्या तसराळ्यात बोट घालून पाहिलं आणि म्हणाल्या, अजून फेट, गप्पा मारायला बसली आहेस का. मग विचारलं, "वो तीसरे दिन वाला क्या था? माँ का कुछ था."

मी सांगितलं. बाळंतिणीला आम्ही डिंकाचे लाडू देतो. तिचं माहेर लांब होतं, तर तिला कोणी दिले असतील, असं विचारलं आहे.

आंटींनी घसरलेली शाल खांद्यावर ओढली. "हर साल सब बच्चे को देखते हैं," त्या म्हणाल्या. "उसने क्या खाया, ये किसी ने नहीं पूछा." आणि मग, "नाम कब लिया तूने बच्चे का? मैंने तो सुना नहीं."

"नाम बारहवें दिन रखते हैं, आंटी. उसके पहले नहीं लेते."

"बारहवाँ दिन." त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "पच्चीस से... मतलब जनवरी लग जाएगी."

"हाँ."

"और मुझे परसों जाना है." हे त्या कोणाला म्हणाल्या ते मला कळलं नाही. मग भैयाकडे वळून म्हणाल्या, "बच्चे का नाम रखे बिना घर की बड़ी औरत चली जाए, ऐसा होता है क्या? टिकट आगे की करवा."

भैयानं मोबाइल काढला आणि बाहेर गेला. जरा जास्तच वेळ बाहेर राहिला.

त्यानंतरच्या दिवसांत आंटींनी अंकलचा नियम पुन्हा लावला, फक्त थोडा बदलून. ज्याचं सामान फेटलं जातं आहे, त्यानं आपल्या घरची अंगाई म्हणायची. मला वाटलं होतं लोक लाजतील. पण अंगाई लोकांना येते. फौजीच्या बायकोला तिच्या पहाडी गावची येत होती, ती म्हणताना तिचा आवाजच लहान झाला. केरळकडची एक नर्स होती, तिची अंगाई इतकी लांब आणि इतकी हळू की बाकड्यावर तिची स्वतःचीच मैत्रीण झोपली. एका गृहस्थांना काहीच येईना, तर त्यांनी आपल्या मुलाला झोपवताना म्हणायचे ते पाढे म्हटले. आंटींनी ते चालवून घेतले. कुठलंही गाणं दोनदा तसंच आलं नाही, कारण म्हणणारं माणूस दोनदा तसंच नव्हतं. कोणी खोकलं, कोणी विसरलं, कोणाला मधेच आपलं बटर आठवलं आणि "अरे अरे, वो मेरा है!" म्हणून उठलं.

चौथ्या दिवसाचं कडवं मात्र मला शेवटपर्यंत जमलं नाही. दर वेळी तिथे आलं की बाकड्यावरून कोणीतरी ओरडायचं, "अयोध्या!" आणि सगळे हसायचे. मी ते मग तसंच सोडून दिलं.

जानेवारीत बारावा दिवस आला तेव्हा दुकानात गर्दी नव्हती. मी घरून सुंठवडा करून नेला होता. पावाच्या लांब डब्यात धुतलेला नॅपकिन घालून पाळणा केला, आणि आंटींच्या गोठ्यातलं बाळ त्यात ठेवलं. आमच्यात बाळाला पाळण्याच्या वरून आणि खालून या बाईकडून त्या बाईकडे देतात, तसं मी आणि मंडल्याच्या दीदींनी दिलं-घेतलं. दीदी खास त्यासाठी आल्या होत्या. मग मी आंटींना सांगितलं की कानात नाव आत्यानं सांगायचं असतं. इथे आत्या तुम्हीच.

आंटी वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं. त्या काय म्हणाल्या ते आम्ही ऐकलं नाही. ऐकायचं नसतंच. तेवढ्यात मी दीदींना डोळ्यानं खूण केली, आणि दीदींनी आंटींच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"मार डाला!" आंटी ओरडल्या. "ये कौन सा रिवाज है?"

"यही रिवाज है," मी म्हटलं, आणि दुसरा मी घातला. जरा हलका.

आंटी त्या महिन्यात बंगळुरूला गेल्या. जाताना परतीचं तिकीट भैयाकडून काढून घेतलं आणि मला म्हणाल्या, "मेरा स्टूल इधर-उधर मत करना." उन्हाळा लागायच्या आत परत आल्या. तिथे सगळं चांगलं आहे, म्हणाल्या, पण भट्टी नाही आणि गप्पा मारायला कोणी नाही.

आता पुन्हा डिसेंबर लागला आहे. सकाळी भैया शटर उघडतो आणि ते घुंगरांचं गाणं लावतो. एकदा. रात्रभर बंद असलेल्या दुकानात ते येतं, भट्टीत लाकडं नुकती लागलेली असतात, आणि तो माणूस हसतो तेव्हा मलाही कधी कधी हसू येतं. गाणं तसं बरं आहे. मग वरून काठी वाजते आणि आंटींचा आवाज येतो, "हो गया एक बार, अब बंद कर!"

बटण बंद करायला आता मीच उठते.